पुढची बैठक वाचनालयात

पेटलेली मेणबत्ती माझ्या हातात होती. समोर समई. वाती तेलात भिजलेल्या. मी पहिल्या वातीपाशी मेणबत्ती नेली आणि कुणीतरी माझं मनगट धरलं.

"अहो, एक मिनिट. तुम्ही नको."

आमच्या ब्लॉगवाल्यांच्या ग्रुपमधल्या केदारची आई. त्यांना सगळे माई म्हणतात. वयाने माझ्याएवढ्याच असतील.

"शुभ काम आहे ना. वाईट नका वाटून घेऊ. तुम्ही समजूतदार आहात."

मेणबत्ती माझ्या हातातून गेली. गरम मेण अंगठ्यावर पडलं. चटका बसला. सगळा हॉल बघत होता. मी काय केलं? हसले.

मग माईंनी खुर्च्यांवरून नजर फिरवली. "सवाष्ण कोण आहे गं पुढे? हां, तू. तू ये."

अन्वी, ईशान, त्या दिवसाचा फोटो तुम्ही पाहिलात. समईपाशी पाहुणे, केदार, माई, मेणबत्ती धरलेली हिरव्या साडीतली एक बाई. आणि अगदी कडेला मी. हात मागे, चेहऱ्यावर हसू. तुम्ही त्याखाली लाल बदाम टाकलेत. अन्वीने लिहिलं, 'आजी, किती गोड!'

गोड नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

आणि मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, लागू दे. इंग्रजी मला चांगलं येतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, नंतर भोसरीतल्या एका कंपनीत निवृत्त होईपर्यंत साहेबांची पत्रं टाइप केली. पण ते सगळं इंग्रजी नमतं घेण्याचं होतं. आम्हाला खेद वाटतो. कृपया गैरसमज नसावा. आपली नम्र. इंग्रजीत लिहायला बसले की अजूनही माझी मान आपोआप खाली जाते. हे मला मान खाली घालून सांगायचं नाही.

आधी ग्रुपचं सांगते, कारण तो कसा उभा राहिला ते तुम्हाला नीट माहीत नाही.

तुम्ही सगळे परदेशी गेलात आणि घर रिकामं झालं. तुमच्यासाठी म्हणून मी ब्लॉग सुरू केला. भाजीवाल्याशी काय बोलणं झालं, गॅलरीतल्या कुंडीत काय उगवलं, असलं काहीबाही. एके दिवशी त्या पानावरची सगळी अक्षरं एकमेकांवर चढली. मी घराजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले. तिथल्या मुलाने माझ्या हाताखालून माउस ओढून घेतला. "आजी, तुम्ही बसा निवांत. मी करतो." झटपट करूनही दिलं. मला काहीच कळलं नाही. महिन्याभराने अक्षरं पुन्हा चढली. मी पुन्हा गेले नाही.

चिंचवडच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर एक खोली आहे. ग्रंथपालबाई ओळखीच्या. त्यांच्या परवानगीने मी फलकावर कागद लावला. ज्यांना स्वतःचा ब्लॉग किंवा वेबसाइट करायची आहे, त्यांनी शनिवारी दुपारी यावं, एकमेकांचं बघून शिकू. पहिल्या शनिवारी कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा एक गृहस्थ आले, त्यांना वाटलं होतं की आधार कार्डाचं काम आहे. तरी बसले. चहा घेऊन गेले.

मग हळूहळू माणसं येऊ लागली. चाकणच्या कारखान्यातले एक फिटर यायचे, पवनेच्या काठावरच्या झाडांवर लिहायचे. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसने थेट वाचनालयाच्या कोपऱ्यावर उतरायचे, अंगात कंपनीचाच शर्ट. एक कॉलेजातली मुलगी मिसळीच्या दुकानांबद्दल लिहायची. काळेवाडीची सुनंदा ब्लाउज शिवायची, तिला आपल्या कामाचं पान करायचं होतं.

आमची पद्धत साधी होती. जो येईल त्याने आपलं पान पडद्यावर लावायचं. मग बाकीच्यांनी सांगायचं, पहिल्यांदा नजर कुठे गेली, कुठे अडलो, काय कळलं नाही. भाषा कुठलीही चालेल. आणि दुसऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही. तोंडाने सांगा, हवं तर दहा वेळा सांगा, पण करणाऱ्याचा हात त्याचाच राहू दे. हा नियम माझा. तो मी कुणाला मोडू दिला नाही.

सुनंदाने पहिल्यांदा पान लावलं तेव्हा ब्लाउजचा फोटो आडवा आला होता. फिटर म्हणाले, "ताई, ब्लाउज झोपलाय का?"

सुनंदा म्हणाली, "भाऊ, तुमचं वडाचं झाड बी मागच्या शनिवारी आडवंच व्हतं की. वादळ आलतं का?"

खोली हसली. मीही. आजोबा गेल्यानंतर मी इतक्या माणसांत बसून हसले नव्हते. कंपनीत मी कुणाची तरी सेक्रेटरी होते. सोसायटीत कुणाची तरी आई. वाचनालयाच्या त्या खोलीत मी कुणाची कुणी नव्हते. खोली उघडणारी, खुर्च्या मांडणारी, नियम सांगणारी बाई. एवढंच. तेवढं मला पुरत होतं.

केदार नंतर आला. रावेतला राहतो, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला खूप येत होतं आणि तो हातचं राखून शिकवायचा नाही, हे मी मान्य करते. डोमेन म्हणजे घराचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे घराची जागा, हे त्याने सुनंदाला इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं की मलाही त्या दिवशी नीट समजलं. मला मॅडम म्हणायचा. खुर्च्या उचलून ठेवायला थांबायचा. मला तो आवडत होता.

ग्रुपला वर्ष होत आलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, वर्धापनदिन आमच्या क्लबहाउसमध्ये करू. मोठा हॉल आहे, एसी आहे, स्क्रीन आहे. माझे एक सीनिअर अमेरिकेहून आलेत, ते बोलतील. सोसायटीच्या बायका स्वागताचं बघतील. तुम्ही फक्त दीपप्रज्वलन करायचं. फाउंडर म्हणून."

मला आनंद झाला. सांगायला लाज कसली? मी ठेवणीतली करड्या रंगाची साडी काढली. बसमध्ये सुनंदा भेटली, आम्ही शेजारी बसलो. तिने हिरवी साडी नेसली होती, गळ्यात मंगळसूत्र.

आता हे नीट वाचा. सुनंदाचा नवरा नाही. चाकणहून शिफ्ट करून येताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं, त्याला बरीच वर्षं झाली. मंगळसूत्र तिने काढलं नाही. मी कधी विचारलं नव्हतं, तिनेच एकदा सांगितलं होतं. "मावशी, गळ्यात हे असलं की माणसं रस्ता देतात. नसलं की रस्ता आडवतात." गावाकडे, लातूरला, ती गेली की ते पर्समध्ये ठेवते. इकडे आली की गळ्यात.

हॉलच्या दारात एक मुलगी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. तिने सुनंदाला कुंकू लावलं. माझ्याकडे वळली, माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि बोट तसंच पुढच्या बाईकडे नेलं. तिची चूक नव्हती. तिला कुणीतरी शिकवलं होतं. आजोबा गेले तेव्हा मी टिकली लावायची सोडली. मला कुणी बळजबरी केली नव्हती. करायची वेळच आली नाही, मी आधीच सोडली.

आणि मग मेणबत्ती. मग "सवाष्ण कोण आहे गं?" आणि माईंचं बोट सुनंदाकडे.

सुनंदा उठेना. "मला कशाला? मी... दुसरं कुनी..."

"अगं लाजतेस काय एवढी? ये. नाव काय तुझं?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे, माईंकडे नाही. त्या नजरेत सगळं होतं. मावशी, काय करू? मी मान हलवली. लाव.

तिने समई लावली.  वाती छान पेटल्या. टाळ्या झाल्या. एका विधवेच्या हातून मेणबत्ती काढली आणि दुसऱ्या विधवेच्या हाती दिली, आणि ज्योत तशीच सरळ जळत होती. पाहुणे प्रसन्न. माई प्रसन्न. दुसरीही विधवाच आहे हे त्या हॉलमध्ये फक्त आम्हा दोघींना माहीत होतं, आणि आम्ही एकमेकींकडे बघू शकत नव्हतो.

केदार माझ्याकडे आला. हळू आवाजात म्हणाला, "आईचं जरा जुनं आहे हो. प्लीज मनावर घेऊ नका." आणि वाकून माझ्या पाया पडला. सगळ्यांसमोर. फोटोवाल्याने तोही फोटो काढला.

पाया पडलेल्या माणसाशी भांडता येत नाही. ते त्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

मी पहिल्या रांगेत बसले. अंगठा झोंबत होता. पाहुण्यांचं भाषण झालं, त्यातलं मला एक वाक्य आठवत नाही. मी मनाशी म्हणत होते, एवढंसं तर आहे. कार्यक्रम चांगला चाललाय. ग्रुपचं भलं होतंय. बिघडवू नये. ही मनाशी बोलायची भाषा मला फार जुनी ओळखीची होती. माझं अर्धं आयुष्य मी असं पहिल्या रांगेत बसून काहीही न बिघडवण्यात घालवलं आहे.

मग केदारने माइक घेतला.

"आता आपल्या सगळ्यांच्या लाडक्या आजी!"

वाचनालयात मॅडम होते. रावेतला आजी झाले.

त्याने पडद्यावर नवं नाव दाखवलं. इंग्रजी नाव, देखणं चिन्ह. इथून पुढे बैठक दर महिन्याला याच क्लबहाउसमध्ये. पान कुणी दाखवायचं ते समिती आधी ठरवेल, दर्जा राहिला पाहिजे. सादरीकरण शक्यतो इंग्रजीत, कारण पुढे कंपन्या जोडायच्या आहेत. "बाकीच्यांनी ऐकायला जरूर यावं. आणि आजींनी खूप केलंय, आता त्यांनी दगदग करायची नाही. त्या आपल्या मार्गदर्शक. फक्त आशीर्वाद द्यायचे."

मला यातलं काही विचारलं नव्हतं. एक शब्द नाही.

मी मागे वळून पाहिलं. फिटर शेवटच्या रांगेत. मांडीवर लॅपटॉपची पिशवी, उघडलेलीच नाही. त्या दिवशी त्यांना शिरीषाच्या झाडावर लिहिलेलं पान दाखवायचं होतं. त्यांनी पिशवीची चेन हळूच लावून टाकली.

त्या क्षणी मला कळलं. मेणबत्ती आणि ही घोषणा, दोन गोष्टी नव्हत्याच. आधी मला बाजूला केलं. मी हसून बाजूला झाले. मग त्यांना बाजूला करणं सोपं गेलं.

माईंनी माझ्या खांद्यांवर शाल घातली. हातात नारळ दिला. आता चालत होते मी. सत्काराला विधवा चालते. केदारने माइक पुढे केला. "आजी, दोन शब्द. छोटंसंच."

मी बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"मी विधवा आहे. म्हणून मघाशी माझ्या हातातून मेणबत्ती काढून घेतली. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. हा ग्रुप मी काढला. मी त्याची मार्गदर्शक नाही, मी तो चालवते. तो हलवायचा की नाही हे मला कुणी विचारलं नाही. पुढची बैठक वाचनालयात. नेहमीच्या वेळी. ज्याला जे पान दाखवायचं आहे, ज्या भाषेत दाखवायचं आहे, त्याने यावं."

शाल काढली, घडी घातली, टेबलावर ठेवली. वर नारळ ठेवला.

 मागे कुणीतरी एकच टाळी वाजवली आणि थांबलं. कुणीतरी हसलं.

माई म्हणाल्या, "अहो, असं चारचौघांत बोलायचं असतं का?"

"चारचौघांत काढून घेतलीत, माई. चारचौघांतच बोलणार."

"आजी, प्लीज," केदार म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. त्याला कळतच नव्हतं की त्याने काय केलं. "तुम्ही इमोशनल झाल्यात. पाणी घ्या."

मी पर्स उचलली. दारापर्यंत जाताना मला वाटलं होतं की खुर्च्या सरकल्याचा आवाज येईल. एक तरी. नाही आला. सुनंदाची मान खाली होती.

रावेतच्या त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना उंच इमारती, पदपथावर चिटपाखरू नाही. बसथांब्यावर मी एकटी. मनात राग नव्हता. भीती होती. आपण हे काय केलं, याची भीती. जी एक खोली होती माझी, ती मी स्वतःच्या तोंडाने घालवली की काय, याची.

संध्याकाळी ग्रुपवर केदारचा निरोप आला. 'आजींच्या भावना दुखावल्या असल्यास क्षमस्व.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ते हात त्याला होते की मला, ते समजलं नाही. मग त्याने नवा ग्रुप काढला. माणसं एकेक करून तिकडे गेली. मिसळवाल्या मुलीने मला निरोप पाठवला, 'सॉरी आजी, तिकडे जॉबचे कॉन्टॅक्ट मिळतात.' खरं आहे. मिळतात.

मी काळेवाडीला सुनंदाच्या दुकानात गेले. ती मशीनवर बसली होती. मला पाहून तिने पाय थांबवला, उठली नाही.

"रागावलात का, मावशी?"

"नाही. शनिवारी येशील का, एवढंच विचारायला आले."

ती बराच वेळ दोरा ओवत राहिली. "तुमाला पेन्शन हाय, मावशी. मला गिऱ्हाईक लागतंय. त्या सोसायटीतल्या बाया आता माझ्याकडं ब्लाउज टाकायल्यात. तो बघा, तो जांभळा, तो माईंचाच हाय."

जांभळ्या कापडावर खडूच्या रेघा होत्या. मी पाहिलं.

"तुमी तिथं माझं नाव घेतलं नाही," ती म्हणाली, "ते लई बरं केलं."

"घेणार नव्हतेच."

"मला ठाऊक व्हतं. पर लई भ्या वाटलं." आणि मग मशीनकडे बघत, "तुमी मान हलवली नसती ना, तर मी बी बोलले असते तवा. खरं सांगते."

  तिने मशीन सुरू केलं. मी निघाले. सुनंदा नंतर वाचनालयात आली नाही. मी तिला पुन्हा विचारलं नाही.

शनिवारी मी खोली उघडली. खुर्च्या मांडल्या. पडदा लावला. कुणी नाही. पंख्याचा आवाज, खाली वर्तमानपत्रं चाळणाऱ्या म्हाताऱ्यांचा खोकला. मी माझंच पान पडद्यावर लावलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. पहिल्यांदा नजर कुठे गेली ते सांगायला कुणी नव्हतं. ग्रंथपालबाई जिन्यात डोकावल्या. "खोली सोडायची का? स्पर्धा परीक्षेची मुलं मागताहेत."

"नाही," मी म्हटलं.

त्यानंतरच्या एका शनिवारी फिटर आले. शिरीषाचं पान त्यांनी मला एकटीला दाखवलं. मग त्यांची शिफ्ट बदलली. आता कधी येतात, बहुतेक वेळा नाही.

तुमच्या बाबाने फोन केला होता. कुणीतरी त्याला सांगितलं. "आई, एक मेणबत्ती होती गं. कशाला एवढं? एकटी पडशील." मी म्हटलं, पडले आहे.  मग तो म्हणाला की अन्वीचं लग्न इकडे, आकुर्डीच्या कार्यालयात करायचं ठरतंय. आणि अडखळत विचारलं, "हळदीच्या वेळी तू... म्हणजे मुलाकडच्या लोकांना काय सांगायचं?"

त्याचं स्वतःचं लग्न झालं तेव्हाही आजोबा नव्हते, पण कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं. तेव्हा माझ्या जावेने माझ्या मुलाला पहिली हळद लावली आणि मी वधूपक्षाची नारळाची पोती मोजल्यासारखं करत आतल्या खोलीत उभी राहिले. बाहेर बायका हसत होत्या, गाणी म्हणत होत्या. एक वयस्क नातलग येऊन माझी पाठ थोपटून गेल्या. म्हणाल्या, "समजूतदार आहेस हो." तो मान वाटला होता मला. आज तो शब्द ऐकला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

तर हे उत्तर तुम्हा सगळ्यांना. बाबालाही वाचून दाखवा, आवाज न बदलता.

वाचनालयातली खोली मी सोडणार नाही. शनिवारी ती उघडी असेल. कुणी येवो, न येवो. खोली उघडायला मला कुणाची सोबत लागत नाही, हे मला आता माहीत झालं आहे. ते माहीत होणं सुखाचं नाही.

आणि अन्वी, तुझ्या गालाला पहिली हळद मी लावणार. माझ्या या हाताने, चारचौघांत, सगळ्यांच्या आधी. तुझ्या सासरच्यांना ते चालत नसेल, तुझ्या बाबाला त्यांना सांगायचं धाडस होत नसेल, तुला स्वतःला नको असेल, तर मला पत्रिका पाठवू नकोस. मी रडेन. खूप रडेन. पण आतल्या खोलीत उभी राहायला मी येणार नाही.